कार्डावर एकसारखे, भिंतीवर वेगळे: फिकट बेजमधून एक निवडताना

हॉलला बेज लावायचा, एवढं घरात ठरलेलं असतं. शेड कार्डावरून दोन-तीन शेड बाजूला निघतात आणि गाडी तिथेच अडते. दुकानात त्या सारख्या दिसतात, घरी आणल्यावर जरा वेगळ्या आणि रात्री ट्यूबखाली पुन्हा सारख्या. रंगारी म्हणतो, "मॅडम, दोन्ही एकच आहेत, कुठलाही सांगा." शेवटी कंटाळून एक कोड दिला जातो. दोन हात मारून होतात, सामान जागेवर लागतं आणि घरातलं कोणीतरी म्हणतं, "हा गुलाबी मारतोय का?" एकदा कोणी असं म्हटलं की सगळ्यांना तेच दिसायला लागतं.

घरांच्या आतल्या कामात बरीच वर्षं घालवल्यावर मी एवढं नक्की सांगू शकते की गडद रंगांच्या तक्रारी फारशा येत नाहीत. येतात त्या बेजच्या, मोतियाच्या, क्रीमच्या. आणि बहुतेक वेळा शेड वाईट नसते. ती ज्या खोलीत लावली त्या खोलीशी जुळत नसते. कार्डाकडे कितीही वेळ बघत बसलात तरी याचं उत्तर मिळणार नाही, कारण उत्तर कार्डावर नसतंच. ते तुमच्या फरशीत आणि तुमच्या खिडकीत असतं.

बेजच का फसवतो

गडद निळा कुठेही लावा, तो निळाच राहतो. फिकट बेजमध्ये मुळात रंग फार कमी असतो. दुकानातलं टिंटिंग मशीन पांढऱ्या बेसमध्ये सहसा थोडा पिवळा ऑक्साइड, त्याहून कमी लाल ऑक्साइड आणि किंचित काळा सोडतं. लाल जरा वाढला की बेज गुलाबी मारतो. पिवळा वाढला की क्रीमकडे जातो. पिवळ्यासोबत काळा वाढला की हिरवट झाक येते, कारण पिवळ्यात काळा मिसळला की तो हिरवट दिसतो. फक्त काळा वाढला की करडा, ज्याला आजकाल सगळे ग्रेज म्हणतात, तो होतो. म्हणजे बेजची चार घराणी आहेत: गुलाबी, पिवळं, हिरवट आणि करडं. तुमच्या हातातल्या दोन 'सारख्या' शेड बहुधा दोन वेगळ्या घराण्यांतल्या असतात. अडचण तिथून सुरू होते.

आपल्याकडच्या कार्डांवरची नावं यात काही मदत करत नाहीत. पहाट, वाळू, शिंपला, चंदन अशा नावांवरून झाक कळत नाही. जर्मनीत १९२७ साली सुरू झालेल्या राल या रंगसूचीत बेजची नावं सरळ झाकेवरून दिलेली आहेत: १००० म्हणजे हिरवट बेज, १०११ तपकिरी बेज, १०१९ करडा बेज. जर्मन टॅक्स्यांचा ओळखीचा फिकट हस्तिदंती रंग हा १०१५. आपल्या दुकानात मात्र झाक आपल्यालाच शोधावी लागते.

ती शोधायची एक सोपी रीत आहे. शेडच्या पट्टीवर तुमच्या फिकट शेडच्या खाली जी सर्वांत गडद शेड असेल तिच्याकडे बघा. बहुतेक पट्ट्यांमध्ये फिकट शेड ही त्याच गडद शेडची विरळ आवृत्ती असते. खालची शेड विटकरीकडे झुकत असेल तर वरची गुलाबी निघणार. खालची मोहरीसारखी असेल तर वरची पिवळी, शेवाळी असेल तर हिरवट. दुसरी रीत म्हणजे झेरॉक्सचा कोरा पांढरा कागद घ्यायचा आणि दोन्ही शेड त्याच्यावर शेजारीशेजारी ठेवायच्या. एकेक शेड वेगवेगळी पाहून झाक कळत नाही. एकमेकींच्या शेजारी आल्या की लगेच कळते. कागद मात्र सगळ्या शेडसाठी तोच ठेवा. झेरॉक्सच्या कागदात निळसर उजळपणा आणणारी द्रव्यं असतात आणि प्रत्येक कंपनीच्या कागदाचा पांढरेपणा वेगळा असतो.

हे करताना दोन्ही शेड एकाच घराण्यातल्या निघाल्या आणि कार्डामागे दिलेला एलआरव्ही, म्हणजे भिंत किती उजेड परत फेकते तो ० ते १०० मधला आकडा, दोघींत एक-दोननेच वेगळा असेल, तर रंगारी खरं बोलतोय. भिंतीवर कोणालाही फरक कळणार नाही. ज्या प्रकारच्या पेंटमध्ये तुम्हाला काम करायचंय त्यात जी मिळते ती घ्या आणि विषय संपवा. पुढचं सगळं झाक वेगळी निघाली तर वाचायचं.

फरशीपासून सुरुवात करा

माझं ठाम मत असं आहे की बेजची निवड फरशी करते. भिंत पुन्हा रंगवता येते, पडदे बदलता येतात. फरशी कोणी रंगासाठी उखडत नाही. आणि खोलीत भिंतीनंतरचा सर्वांत मोठा पृष्ठभाग तोच असतो. दुपारी खिडकीतून आलेला उजेड आधी फरशीवर पडतो आणि तिथून उडून भिंतीच्या खालच्या अर्ध्या भागावर जातो. फरशीचा रंग भिंतीवर चढतोच.

पुण्या-मुंबईच्या गेल्या पंधरा-वीस वर्षांतल्या फ्लॅटमध्ये बिल्डरने बसवलेली दोन बाय दोनची आयव्हरी व्हिट्रिफाइड टाइल सर्रास दिसते. या 'आयव्हरी' मध्येच मोठी गोम आहे. काही टाइल पिवळसर असतात, काही स्पष्ट गुलाबीसर. रोज त्यांच्यावर वावरत असल्यामुळे ते आपल्या लक्षात येत नाही. एक टाइल नीट पुसून घ्या, तिच्यावर तोच पांढरा कागद ठेवा आणि उभ्याने खाली बघा. टाइल कुठल्या बाजूची आहे ते तेव्हा कळेल.

टाइल गुलाबीसर असेल आणि वर पिवळा बेज लावला, तर भिंत हिरवट दिसते आणि टाइल आधीपेक्षा जास्त गुलाबी. दोघी एकमेकींना विरुद्ध दिशेला ढकलतात. हे कोडं जुनं आहे. पॅरिसच्या गोबेलँ कारखान्यात विणलेल्या टॅपेस्ट्रींमधला, म्हणजे भिंतीवर टांगायच्या चित्रांच्या पडद्यांमधला, काळा रंग फिका पडतो अशी तक्रार होती. तिथल्या रंगाई विभागाची जबाबदारी १८२४ मध्ये मिशेल युजीन शेव्हरल या रसायनशास्त्रज्ञाकडे आली. त्याने काळा रंग तपासला तर तो उत्तम निघाला. दोष शेजारच्या निळ्या-जांभळ्या धाग्यांचा होता. त्यांच्यामुळे काळा मेलेला दिसत होता. शेजारचे रंग एकमेकांचं दिसणं कसं बदलतात, यावरचं त्याचं सविस्तर काम १८३९ मध्ये छापून आलं. तुमच्या हॉलमध्ये तेच चाललेलं असतं, फक्त धाग्यांच्या जागी टाइल आणि भिंत.

म्हणून नियम साधा ठेवायचा: फरशी ज्या घराण्यातली, बेजही त्याच घराण्यातला, किंवा मग करड्याकडे झुकणारा. गुलाबीसर टाइलवर हलका गुलाबी बेज लावला की आश्चर्य म्हणजे तो गुलाबी दिसतच नाही, शांत दिसतो. लोक गुलाबीला घाबरून पिवळ्याकडे जातात आणि नेमके तिथेच फसतात.

कोटा बसवलेला असेल तर गणित वेगळं. कोटा निळसर-हिरवट करडा असतो. त्याच्यावर गुलाबी बेज अगदी त्वचेच्या रंगासारखा दिसायला लागतो आणि डोळ्याला खुपतो. तिथे पिवळसर किंवा करडा बेज बरा. शहाबादीवर करडा बेज चांगला बसतो. जुन्या चाळीत किंवा बंगल्यात मोझॅक असेल तर त्यातल्या खड्यांपैकी सर्वांत फिकट खडा निवडा आणि त्याच्या जवळची शेड घ्या. ही युक्ती सहसा फसत नाही. कोकणात आणि गोव्यात लाल कोब्याची जमीन असेल तर ती दुपारी सगळ्या खोलीभर लालसर उजेड फेकते. तिथे करडा किंवा चक्क हिरवट बेजसुद्धा चालतो, कारण लाल उजेड ती हिरवट झाक खाऊन टाकतो. अंगणात उघडा जांभा असेल तर खालच्या मजल्यावर हाच परिणाम खिडकीतूनही येतो.

फरशीनंतर दरवाजे बघायचे. सागवानी दाराला नारिंगी-लाल पॉलिश असेल तर शेजारचा करडा बेज निळसर वाटू शकतो. दाराच्या चौकटींना पांढरा ऑइल पेंट असेल तर तो जुना होताना पिवळा पडतो, अंधाऱ्या जागी जास्त. अशा पिवळ्या चौकटीशेजारी चांगला बेजसुद्धा करडा-गुलाबी वाटतो. चौकटींना नवा हात मारणार असाल तर आधी तो मारून घ्या आणि मग भिंतीची शेड ठरवा.

खिडकी, ऋतू आणि हिरवी जाळी

आपण १८-२० अक्षांशांवर राहतो. पुण्यात साधारण मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत दुपारचा सूर्य डोक्यावर किंवा किंचित उत्तरेला असतो. उरलेलं वर्षभर तो दक्षिणेला. डिसेंबरमध्ये भर दुपारीही तो जेमतेम ४८ अंश वर येतो, म्हणून दक्षिणेच्या बाल्कनीतून ऊन हॉलमध्ये आतपर्यंत शिरतं. अशा खोलीत पिवळा बेज हिवाळ्यात फारच पिवळा होतो. तिथे मी करड्या बाजूचा घेते.

उत्तरेच्या खोलीत वर्षाचा बराचसा काळ थेट ऊन नसतं. आकाशाचा निळसर उजेड तेवढा असतो. त्यात करडा बेज मरगळतो, सिमेंटसारखा दिसतो. तिथे पिवळसर घ्यावा, आणि फार फिकट घेऊ नये. कमी उजेडाच्या खोलीत पांढऱ्याच्या जवळची शेड लावली की खोली उजळेल असं सगळ्यांना वाटतं. माझा अनुभव उलट आहे. परतवायला उजेडच नसेल तर फिकट शेड मळकट दिसते. त्यापेक्षा एलआरव्ही ६० ते ७० च्या दरम्यानची, जरा भरलेली शेड जास्त प्रसन्न वाटते. पश्चिमेच्या खोलीत चारनंतर तांबूस ऊन येतं. गुलाबी बेज तिथे संध्याकाळी पीचसारखा होतो. कोणाला तो आवडतो, कोणाला नाही. पण आधी माहीत असलेला बरा. पूर्वेची खोली सर्वांत सोपी, सकाळचा तास सोडला तर ती कुठलाच रंग फार ओढत नाही.

वेळेची मोठी अडचण आपल्याकडे वेगळीच असते. बहुतेक घरांत रंग निघतो तो गणपतीच्या किंवा दसरा-दिवाळीच्या आधी. शेड निवडली जाते ती श्रावण-भाद्रपदात, ढगाळ उजेडात. त्या सपाट उजेडात सगळेच बेज थोडे थंड दिसतात, म्हणून माणूस नकळत जास्त पिवळी शेड उचलतो. मग दिवाळीनंतर आभाळ स्वच्छ होतं, ऊन तिरपं आत येतं आणि भिंती श्रीखंडाच्या रंगाच्या दिसायला लागतात. पावसाळ्यात निवडत असाल तर दोन शेडमध्ये अडल्यावर कमी पिवळी घ्या.

आणखी तीन गोष्टी नजरेतून सुटतात. इमारतीला बाहेरून रंगकाम चालू असेल आणि खिडक्यांवर हिरवी जाळी लावलेली असेल, तर आतला रंग त्या काळात निवडूच नका. जाळीतून येणाऱ्या उजेडात गुलाबी बेज निर्दोष वाटतो आणि जाळी उतरली की उघडा पडतो. पावसासाठी लावलेल्या निळ्या ताडपत्रीचंही तेच. दुसरी गोष्ट स्लायडिंग खिडकीच्या काचेची. ती ब्राँझ किंवा हिरवी असेल तर खिडकी उघडी आणि बंद अशा दोन्ही वेळी नमुना बघा. तिसरी, खिडकीला लागून आंबा, नारळ, बदाम असं झाड असेल तर दिवसा हिरवा उजेड आत येतो. हिरवट घराण्यातला बेज तिथे टाळलेलाच बरा.

रात्रीचं वेगळंच

दिवसा जुळलेल्या दोन गोष्टी रात्री फारकत घेतात, कारण दोन रंग एका उजेडात तंतोतंत सारखे दिसले म्हणून दुसऱ्या उजेडात दिसतीलच असं नाही. त्यांच्यातली रंगद्रव्यं वेगळी असतील तर उजेड बदलल्यावर ते वेगळे होतात. सोफ्याचं कापड आणि भिंत यांच्यात हे नेहमी घडतं.

दिव्याच्या खोक्यावर केल्विनचा आकडा असतो. ३००० म्हणजे पिवळट, ४००० मधला, ६५०० म्हणजे आपली नेहमीची पांढरीशुभ्र ट्यूब. ६५०० खाली पिवळा बेज हिरवट होतो आणि गुलाबी बेज करडा-जांभळट. ३००० खाली सगळेच बेज गोड दिसतात आणि त्यांच्यातला फरक बुजून जातो, म्हणून शेड ठरवायला तो दिवा निरुपयोगी. हॉलमध्ये बहुतेकांकडे दोन्ही असतात: फॉल्स सीलिंगमध्ये पिवळे, भिंतीवर ट्यूब. तुम्ही रोज संध्याकाळी जे दिवे लावून बसता ते लावूनच नमुना बघा. खोक्यावर सीआरआय, म्हणजे त्या उजेडात रंग किती खरे दिसतात तो आकडा, लिहिलेला असेल तर ९० किंवा त्याहून जास्त असलेले घ्या. कमी सीआरआयच्या दिव्यांत लाल रंग नीट उठत नाही आणि बेजमधली ऊब नाहीशी होते. नवे दिवे घ्यायचे असतील तर रंगाच्या आधी घ्या. हा क्रम जवळजवळ प्रत्येक घरात उलटा होतो.

कार्डापेक्षा भिंत गडद का दिसते

"एवढा रंग आम्ही मागितला नव्हता," ही तक्रार खरी असते आणि दुकानदारही बहुधा निर्दोष असतो. खोलीत चार भिंती एकमेकींसमोर उभ्या असतात. उजेड एका भिंतीवरून उडून दुसरीवर जातो, तिथून तिसरीवर, आणि दर वेळी रंग थोडा चढतो. समजा एखादा बेज लाल उजेड ७५ टक्के परत फेकतो आणि निळा ५५ टक्के. एका उड्डाणात लाल निळ्याच्या १.३६ पट. दोन उड्डाणांनंतर लाल उरतो ५६ टक्के आणि निळा ३० टक्के, म्हणजे जवळपास १.९ पट. तिसऱ्यानंतर अडीच पट. डोळ्यावर पडणाऱ्या एकूण उजेडात ही सगळी उड्डाणं मिसळलेली असतात. म्हणून चारही भिंतींना एकच शेड असेल तर कार्डावर जी आवडली तिच्याहून एक पायरी फिकट घ्यायची. कोपरे नेहमी जास्त पिवळे किंवा गुलाबी दिसतात त्याचं कारणही हेच. एकाच भिंतीला बेज आणि बाकीच्या पांढऱ्या असतील तर पायरी उतरायची गरज नाही.

मोबाइलवर खोलीचा फोटो टाकून रंग दाखवणाऱ्या अॅपवर जवळच्या दोन शेडचा निवाडा करू नका. कॅमेरा स्वतःच 'पांढरा काय' ते ठरवतो आणि बाकी सगळं त्यानुसार सरकवतो. यात तज्ज्ञसुद्धा चुकतात. २००२ मध्ये जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातल्या कार्ल ग्लेझब्रुक आणि इव्हान बाल्ड्री या खगोलशास्त्रज्ञांनी दोन लाखांहून अधिक दीर्घिकांच्या उजेडावरून विश्वाचा सरासरी रंग काढला आणि तो फिकट हिरवट-निळा असल्याचं जाहीर केलं. काही आठवड्यांनी दुरुस्ती आली: आकडे बरोबर होते, पण संगणकात पांढऱ्याचा बिंदू चुकीचा धरला गेला होता. योग्य बिंदू धरल्यावर विश्वाचा रंग निघाला फिकट बेज.

नमुना कसा पाहायचा

जुन्या भिंतीवरच चार पट्टे मारून घेणं ही सर्वांत जास्त चालणारी आणि सर्वांत फसवी पद्धत आहे. मागचा जुना रंग पट्ट्याभोवती असतो आणि तोच शेडला ओढतो. भिंत आधी फिकट हिरवी असेल तर त्यावरचा प्रत्येक बेज गुलाबी दिसेल.

त्याऐवजी सनबोर्डचे किंवा जाड पुठ्ठ्याचे दोन फुटी तुकडे घ्या. प्रत्येक शेडचे दोन तुकडे. पांढऱ्या प्रायमरचा एक हात, त्यावर शेडचे दोन हात, कडेने इंचभर पांढरी पट्टी सोडून. रंग त्याच प्रकारचा घ्या जो भिंतीला लावणार आहात. मॅटमध्ये आणि चमकदार इमल्शनमध्ये तोच कोड वेगळा दिसतो. रात्रभर वाळू द्या. इमल्शन ओलं असताना दुधट आणि फिकट असतं, वाळल्यावर गडद होतं, त्यामुळे ओल्या नमुन्यावरून कधीच ठरवू नका.

आता ते दोन तुकडे काटकोनात उभे करा, खोलीच्या कोपऱ्यासारखे, आणि आत बघा. मघाशी सांगितलेली उजेडाची उड्डाणं इथे होतात, म्हणून आतल्या कोनात जो रंग दिसतो तो रंगवलेल्या खोलीच्या सर्वांत जवळचा असतो. हा जोड फरशीवर स्कर्टिंगला टेकवून ठेवा, मग सोफ्याशेजारी, मग खिडकीच्या समोरच्या भिंतीशी. सकाळी, दुपारी, पाचच्या सुमारास आणि रात्री दिवे लावून बघा. एका वेळी तीनहून जास्त शेड नकोत. 'कुठली आवडते' असं विचारण्यापेक्षा 'कुठली कुठल्या वेळी खटकते' हे विचारा आणि खटकेल ती काढून टाका. आवडीवर घरात वाद होतात. खटकण्यावर मात्र बहुधा एकमत होतं.

छोट्या सॅम्पलच्या डब्याबद्दल एक सावधगिरी. फिकट बेजला रंगद्रव्य इतकं कमी लागतं की छोट्या डब्यात मशीनचा सर्वांत लहान थेंबही प्रमाणाने मोठा पडतो. त्यामुळे सॅम्पल आणि २० लिटरची बादली यांत किंचित फरक पडू शकतो. शेड अगदी काठावरची वाटत असेल तर सॅम्पलऐवजी १ लिटरचा डबा काढून घ्या. उरलेला रंग पुढे वापरताच येतो.

रंग लावून झालाय आणि खटकतोय

लगेच दुसरा हात मारायला सांगू नका. आधी जमिनीवरचे कागद आणि प्लास्टिक उचला, पडदे लावा, सामान जागेवर आणा. रिकाम्या खोलीत बेजवर फक्त बेजच्याच उजेडाचा मारा होत असतो. गडद सोफा आणि पुस्तकांचं कपाट आलं की निम्म्या तक्रारी मिटतात. त्यानंतर दिवे बदलून बघा. ६५०० च्या जागी ४००० ची ट्यूब लावली की हिरवट वाटणारा बेज पुष्कळदा ताळ्यावर येतो, आणि हा सर्वांत स्वस्त उपाय आहे.

भिंत मळकट वाटत असेल तर छताकडे बघा. छताला निळसर शुभ्र पांढरा दिलेला असतो आणि त्याच्या शेजारी कुठलाही बेज धुतल्याशिवाय राहिल्यासारखा दिसतो. छताच्या पांढऱ्यात भिंतीच्या शेडची पाव मात्रा मशीनवर घालून घेतली की दोघांचं जमतं. भिंतीला हात लावावा लागत नाही.

एवढं करूनही गुलाबी किंवा हिरवी झाक खटकत राहिली तर पुन्हा रंगवणं आलं. अशा वेळी रंगारी खिशातून स्टेनरची बाटली काढतो आणि म्हणतो, "थोडा पिवळा टाकतो, लगेच बसेल." त्याला नम्रपणे नाही म्हणा. तो कुशल असेल, बसवेलही. पण हाताने मिसळलेला रंग पुन्हा तसाच बनत नाही. अर्ध्या भिंतीवर कमी पडला तर पुढची अर्धी वेगळी होते आणि वर्षभराने टचअप अशक्य होतं. मशीनवरून त्याच उजळपणाची, शेजारच्या घराण्यातली शेड काढून घ्या: गुलाबी खटकत असेल तर करड्या बाजूची, हिरवट खटकत असेल तर किंचित गुलाबी. खालचा रंग जवळचाच असल्यामुळे बहुधा एक हात पुरतो.

एकाच कोडचे दोन रंग

कधी शेड बरोबर असते, पण एक भिंत दुसरीपेक्षा वेगळी निघते. बहुतेक वेळा दोन डबे दोन वेगळ्या दिवशी, कधी दोन वेगळ्या दुकानांतून आणलेले असतात. गडद रंगात हे लपतं, बेजमध्ये लपत नाही. सगळा रंग एकदम आणा, झाकणावरचा बॅच नंबर एकच आहे का बघा, आणि काम सुरू करण्याआधी सगळे डबे एका मोठ्या ड्रममध्ये ओतून ढवळून घ्या. रंग कमी पडेल असं वाटलं तर नवा डबा भिंतीच्या मध्यावर सुरू करू नका, कोपऱ्यापासून सुरू करा. दोन भिंतींच्या काटकोनात तसाही उजेड बदलतो, त्यामुळे जोड दिसत नाही. पाणी किती घालायचं तेही पहिल्या दिवशी ठरवा आणि शेवटपर्यंत तेच ठेवा.

लांबी (पुट्टी) भरलेल्या जागी प्रायमर न मारता रंग दिला तर तिथला भाग रंग जास्त शोषतो, त्याची चमक मरते आणि तो डागासारखा वेगळा दिसतो. लोक याला शेडचा दोष समजतात. तो पॅच घासून, प्रायमर मारून, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत पूर्ण भिंतीला एक हात दिला की जातो. तेवढ्याच तुकड्याला ब्रशने टचअप केलं तर मात्र तो कायमचा दिसत राहील, कारण बाकी भिंत रोलरची असते आणि दोन्हींचा पोत वेगळा.

काम संपल्यावर उरलेला रंग घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या बरणीत काठोकाठ भरून ठेवा. बरणीवर कोड, पेंटचं नाव, बेस, बॅच नंबर, महिना आणि खोली लिहा. डब्यावरचं मशीनचं स्टिकर मिळालं तर तेच चिकटवा. त्यावर रंगद्रव्यांचं प्रमाण छापलेलं असेल तर त्याचा फोटोही काढून ठेवा, म्हणजे पुढे शेड कार्ड बदललं तरी दुकानदाराला प्रमाण दाखवता येईल.